जातींवर बंदी, पट्ट्याबाबत मौन

ऑगस्ट २०२४ मध्ये हणजूण येथे एका पाळीव पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्यानंतर गोव्यात आक्रमक श्वानजातींविषयी जी चर्चा सुरू झाली, तिचा सारा भर 'कोणती जात' या एकाच प्रश्नावर राहिला. २०२५ मध्ये राज्य सरकारने पिटबुल आणि रॉटवायलर यांसारख्या जातींवर बंदी आणण्याचा निर्णय घेतला. लोकक्षोभाला उत्तर म्हणून तो समजण्यासारखा आहे. परंतु आज राज्यातील घराघरांत असलेली बलदंड कुत्री या निर्णयाने एका रात्रीत नाहीशी होणार नाहीत. उद्या सकाळी आणि संध्याकाळी ती रस्त्यावर फिरायला निघणारच. त्या वेळी वाटसरू आणि कुत्रा यांच्यामध्ये उरतो तो हातातला एक पट्टा. तो कसा असावा, किती लांब असावा, कुठे अडकवावा आणि कोणाच्या हातात असावा, याविषयी मात्र सार्वजनिक चर्चेत जवळपास शुकशुकाट आहे.

केंद्रीय पातळीवरही याहून वेगळे घडलेले नाही. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने २३ जातींची आयात, पैदास व विक्री रोखावी आणि पाळलेल्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण करावे, असे राज्यांना कळविले. शेजारच्या कर्नाटकात उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये हे परिपत्रक रद्द ठरविले. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता ते काढले गेले, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. जातींच्या यादीवर आधारलेले धोरण न्यायालयाच्या पायरीवर कसे अडखळते, हे बेळगाव-खानापूरच्या वाचकांनी जवळून पाहिले आहे. संकरित कुत्र्याची जात ठरवायची कशी, हा प्रश्न तर कोणत्याही यादीला चुकत नाही.

शिवाय ओढीचा आणि जातीच्या बदनामीचा थेट संबंध नाही. अमेरिकी प्रमाणानुसार पिटबुल टेरियरचा नर साधारण १६ ते २७ किलोंचा असतो. ज्याला सारे जग सोशिक आणि प्रेमळ मानते तो लॅब्राडोर २९ ते ३६ किलोंचा, तर रॉटवायलरचा नर ४३ ते ६१ किलोंपर्यंत जातो. चावण्याचा धोका वजनावरून ठरत नाही, हे खरे. पण हातातून निसटण्याचा, धरणाऱ्याला फरफटत नेण्याचा आणि दुचाकीसमोर आडवे येण्याचा धोका बऱ्याच अंशी वजनावर आणि चारही पायांच्या पकडीवर ठरतो. त्या कसोटीवर कोणत्याही यादीत नसलेला, घरातल्या लेकरांचा लाडका लॅब्राडोर पिटबुलच्या पुढे आहे.

कायद्यात या प्रश्नाला अगदीच जागा नाही असे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीविताला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका टाळण्यासाठी पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत पाळीव कुत्र्याला सार्वजनिक ठिकाणी पट्ट्यानेच न्यावे असे आवाहन आहे; मुसक्याची सक्ती मात्र त्या सूचनांना मान्य नाही. म्हणजे सारा भार येऊन पडतो तो 'पुरेशी' या एका शब्दावर. पन्नास किलोंच्या रॉटवायलरला बोटभर जाडीचीही नसलेली, बटण दाबताच पाच मीटर सुटणारी दोरी लावून मिरामारच्या गर्दीत नेणे ही पुरेशी खबरदारी आहे काय? कायद्याच्या अक्षरानुसार कुत्रा 'पट्ट्याला' आहे. वस्तुतः तो मोकळाच आहे.

मराठीत याबाबत एक गमतीदार उणीव आहे. गुराढोरांच्या बाबतीत ही भाषा विलक्षण काटेकोर आहे. खुंट्याला बांधायचे ते दावे, गाडी हाकताना हातात धरायचा तो कासरा, नाकातून ओवलेली ती वेसण, तोंडाभोवती घातलेली ती म्होरकी, पिकात तोंड घालू नये म्हणून बांधलेले ते मुसके. प्रत्येकाचे काम वेगळे म्हणून प्रत्येकाला नाव वेगळे. कुत्र्यासाठी मात्र गळ्यातलाही पट्टा आणि हातातलाही पट्टा. फार तर साखळी. ज्या समाजात कुत्रा अंगणात बांधलेला किंवा गावभर मोकळा असे, त्या समाजाला वेगळ्या शब्दांची गरजच पडली नाही. आता तोच कुत्रा सदनिकेत राहतो, दिवसातून दोनदा डांबरी रस्त्यावर उतरतो, आणि दावे व कासरा यांतील फरक विसरलेला मालक बांधण्याची वस्तू चालवण्यासाठी वापरतो.

साखळी हे त्याचे उत्तम उदाहरण. दुकानात 'मोठा कुत्रा आहे' असे सांगितले की पुढ्यात येते ती जाड कड्यांची लोखंडी साखळी. कुत्रा ती चावून तोडत नाही, हा तिचा गुण. तो बांधून ठेवण्याच्या कामी येतो. फिरवताना मात्र साखळीला जराही ताण सोसून घेण्याची लवचीकता नसते, धक्का जसाच्या तसा कुत्र्याच्या मानेला आणि माणसाच्या खांद्याला बसतो. कुत्रा उसळला की मधला भाग हाताने आवळून धरता येत नाही. धरला तर कड्या तळहात सोलून काढतात. तिचे वजन सतत मानेवर राहते ते वेगळेच. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याला अवाजवी आखूड वा अवाजवी जड साखळीने दीर्घकाळ बांधणे हा गुन्हा आहे. त्याच कलमात, सतत साखळीने बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणाऱ्या मालकालाही दोषी धरले आहे. दिवसभर बांधलेला आणि संध्याकाळी वीस मिनिटांसाठी सुटलेला कुत्रा ओढणार नाही तर काय करील? ओढीचे मूळ पुष्कळदा या कलमात सापडते. चावरेपणामुळे साखळीच हवी असेल तर कडीजवळ वीतभर साखळी आणि पुढे हातात धरायला पट्टा, अशी जोड मिळते. ती अधिक बरी.

दुसऱ्या टोकाला आहे ती आपोआप गुंडाळली जाणारी दोरी. प्लॅस्टिकच्या डबीतून सुटणारी ही दोरी शहरी फेरफटक्याची खूण होऊन बसली आहे. लहान, शांत कुत्र्यासाठी मोकळ्या मैदानात तिला हरकत नाही. ओढणाऱ्या कुत्र्यासाठी तिच्याइतकी चुकीची वस्तू दुसरी नाही, आणि त्याचे कारण शाळेतल्या पदार्थविज्ञानात आहे. पन्नास किलोंचा कुत्रा सेकंदाला पाच मीटर वेगाने, म्हणजे ताशी अठरा किलोमीटरने धावत असेल, तर दोरी संपते त्या क्षणी हातावर येणारी ऊर्जा पन्नास किलोंची सिमेंटची गोणी सव्वा मीटर उंचीवरून सोडावी इतकी असते. एक मीटरच्या सैल अंतरात त्याला हा वेग गाठता येत नाही. पाच मीटरमध्ये सहज गाठता येतो. सैल अंतर वाढले की धक्का वाढतो, एवढे हे साधे आहे. त्यात ही दोरी सतत हलकासा ताण ठेवते, त्यामुळे 'ओढले की पुढे जायला मिळते' हा धडा कुत्रा रोज गिरवतो. डबी हातातून सुटली तर ती खडखडत त्याच्या मागे लागते आणि बिथरलेला कुत्रा तिच्यापासून पळतच सुटतो. बारीक दोरीने बोटे कापल्याच्या दुखापती वैद्यकीय नोंदींत आहेत.

न्यूयॉर्क शहराच्या नियमांत सार्वजनिक ठिकाणी कुत्र्याचा पट्टा सहा फुटांपेक्षा लांब असू नये असे स्पष्ट म्हटले आहे. हा आकडा हवेतून आलेला नाही. चार ते सहा फुटांत कुत्र्याला हुंगायला, वळायला जागा मिळते आणि धरणाऱ्याला दोन पावलांत त्याच्याजवळ पोहोचता येते. फार ओढणाऱ्या कुत्र्यासाठी चार-पाच फूट बरे. गळपट्ट्याजवळ आणखी एक छोटी मूठ शिवलेला पट्टा मिळाला तर रस्ता ओलांडताना किंवा समोरून भटकी कुत्री आली असता तिचा फार उपयोग होतो. याहून आखूड पट्टा मात्र उलट परिणाम करतो. मान सतत ताणलेली राहिली की कुत्रा चिडतो, आणि समोर दुसरे कुत्रे दिसताच पळून जाण्याची वाट बंद झाल्याने आधी गुरगुरतो.

पट्ट्याच्या कापडाची निवड गोव्यात तरी पावसाला विचारूनच करावी लागते. चामड्याचा पट्टा हाताला सर्वांत सुखाचा. वापराने मऊ होतो, घामाने निसटत नाही. पण जूनपासून पुढचे चार महिने त्यावर बुरशी चढते, तेल लावून निगा न राखल्यास तो शिवणीजवळ कुजतो, आणि तुटतो तो नेमका तिथेच. सुती पट्टा मऊ असतो, पण भिजला की जड होतो आणि दोन दिवस वाळत नाही. नायलॉनचा सपाट पट्टा स्वस्त आणि मजबूत. मात्र हातातून सर्रकन सरकला तर तळव्याला भाजल्यासारखी जखम करतो. मोठ्या कुत्र्यासाठी तो किमान दोन-अडीच सेंटिमीटर रुंद असावा, ते मजबुतीसाठी आणि हात कापू नये म्हणूनही. गिर्यारोहकांच्या दोरासारखा गोल, जाड, विणलेला दोर हल्ली मिळतो. मुठीत तो चांगला बसतो आणि किंचित ताणला जात असल्याने धक्काही थोडा गिळतो. पॉलिएस्टरच्या पट्टीवर प्लॅस्टिकचा लेप दिलेले पट्टे पाणी धरत नाहीत, चिखल पुसला की झाले. फक्त गुळगुळीत प्रकार ओल्या हातात निसटतात, म्हणून खरखरीत पृष्ठभागाचा पाहून घ्यावा. रबरासारखे ताणणारे पट्टे धक्का कमी करतात हे खरे, पण ओढणाऱ्याला आणखी फूटभर पुढे जाऊ देऊन तेच शिकवतात. ओढीवर तो उपाय नव्हे.

लोक रंग पाहतात, रुंदी पाहतात. कडी कोणी पाहत नाही. वस्तुतः पट्टा तुटण्यापेक्षा कडी उघडण्याचा किंवा मोडण्याचा संभव अधिक. चकचकीत मुलामा दिलेल्या ओतीव मिश्रधातूच्या कड्या दिसायला भरभक्कम आणि आतून ठिसूळ असतात. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत त्यांतली स्प्रिंग गंजते, कडीचे तोंड पुरते मिटत नाही, आणि कुत्र्याने मान झटकताच ती सुटते. भरीव पितळ किंवा गंजरोधक पोलाद यांना पर्याय नाही. होड्यांच्या सामानात काय टिकते हे ठाऊक असलेल्या मच्छीमारांना हे नव्याने सांगावे लागणार नाही. महिन्यातून एकदा कडी उघडून-मिटून पाहणे आणि शिवण बोटाने ताणून पाहणे, याला खर्च काहीच येत नाही.

पट्ट्याचे दुसरे टोक कुठे अडकवायचे, हा प्रश्न लांबीइतकाच महत्त्वाचा आहे. गळपट्ट्याला अडकवला की ओढीचा सारा ताण श्वासनलिकेवर येतो. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गळपट्ट्यावर ओढ पडली असता कुत्र्यांच्या डोळ्यांतील दाब लक्षणीय वाढल्याचे आढळले. छातीच्या साजावर ओढ पडली तेव्हा तशी वाढ दिसली नाही. म्हणून मालक हार्नेस, म्हणजे छातीचा साज, घेतात आणि महिन्याभरात तक्रार करतात की कुत्रा आता अधिकच ओढतो. ते स्वाभाविक आहे. पाठीवर कडी असलेला साज हा बर्फावरची गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना जुंपण्याच्या साजाचाच भाऊबंद. त्यात छातीची सारी ताकद लावता येते. ओढणाऱ्यासाठी कडी पुढे, छातीच्या मधोमध हवी. तिथे अडकवलेला पट्टा ताणला की कुत्र्याचा मोहरा बाजूला वळतो आणि पुढे झेपावण्याचे बळ तिथेच मोडते. साज अंगातून निसटला तर हाती काही उरावे म्हणून साज आणि गळपट्टा यांना जोडणारा एक छोटा पट्टा लावणे शहाणपणाचे.

म्होरकीचा प्रकार कुत्र्यांसाठीही निघाला आहे. तोंडाला वळवले की शरीर वळते हे बैल-घोड्यांच्या बाबतीतले जुने ज्ञान त्यामागे आहे, आणि कमी ताकदीच्या माणसाला मोठे कुत्रे आवरायला त्याचा खरोखर उपयोग होतो. पण ती सवय हळूहळू, खाऊ देत लावावी लागते. तिला कधीही हिसका द्यायचा नाही आणि लांब दोरी जोडायची नाही, कारण धावत गेलेला कुत्रा दोरी संपताच मान मुरगळून घेऊ शकतो. बॉक्सरसारख्या आखूड तोंडाच्या जातींना ती नीट बसतही नाही. आवळणारी साखळी आणि आतून काटे असलेला गळपट्टा हे त्याहून झटपट उपाय म्हणून विकले जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून श्वानप्रशिक्षणात काटेरी गळपट्ट्यांचा वापर निषिद्ध केला. वेदनेने कुत्रा थांबतो, पण ती वेदना तो समोरच्या मुलाशी, सायकलशी किंवा दुसऱ्या कुत्र्याशी जोडू लागला, तर थांबवलेली ओढ उद्या हल्ल्याच्या रूपाने बाहेर येण्याची भीती असते. आधीच चिडखोर कुत्र्यावर हा प्रयोग नकोच.

सीमाभागातील वाचकांसाठी एक वेगळी बाब. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या नावाने ओळखली जाणारी मुधोळ हाउंड आणि महाराष्ट्रातील कारवानी ही शिकारी कुत्री वजनाने थोराड नसतात, पण त्यांची उसळी विजेसारखी असते. त्यांचे डोके अरुंद, मान लांब. साधा गळपट्टा मागे सरकताच कानांवरून निघून येतो. त्यांना ताण आला की मर्यादित प्रमाणात आवळला जाणारा, पण गळा न दाबणारा रुंद गळपट्टा लागतो. मांजर किंवा ससा दिसताच सुटणाऱ्या या कुत्र्यांसाठी लांब दोरी म्हणजे वर सांगितलेल्या सिमेंटच्या गोणीचे आमंत्रण.

इतके करूनही पट्टा कोणाच्या हातात आहे, यावर सारे येऊन थांबते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार २००१ ते २०२० या काळात पट्ट्याने कुत्रा फिरवताना झालेल्या दुखापतींसाठी तेथील सुमारे ४ लाख २२ हजार प्रौढ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत गेले. बोटांचे अस्थिभंग, डोक्याला मार आणि खांद्याच्या दुखापती त्यांत प्रमुख होत्या; रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश होते, आणि पासष्टीपुढच्यांना अस्थिभंगाचा धोका अधिक होता. गोव्यातील परिस्थितीला हे आकडे विशेष लागू पडतात. मुलगा जहाजावर किंवा आखातात, सून-नातवंडे इंग्लंडमध्ये, मोठे घर आणि राखणीला म्हणून आणलेला मोठा कुत्रा, असे चित्र अनेक वाड्यांवर दिसते. कुत्रा निवडणारा तिशीतला, आणि त्याला रोज फिरवणारे सत्तरीतले आईवडील किंवा कामाला येणारी बाई. निवडताना ज्याचा हात मजबूत होता, तो हात पट्ट्याला लागतच नाही.

अशा हातांना पट्टा मनगटाभोवती गुंडाळण्याची सवय असते, कारण त्याने पकड घट्ट वाटते. घातक तेच आहे. कुत्रा उसळला की पट्टा सोडताही येत नाही आणि माणूस कोसळतो. पट्ट्याची मूठ अंगठ्यातून घेऊन तळहातात मिटावी आणि दुसऱ्या हाताने मधला भाग धरावा. ओढ लागली की जागच्या जागी थांबावे, पट्टा सैल झाला की पुढे पाऊल टाकावे. पहिले काही दिवस फेरफटका दहा पावलांचाच होतो आणि घरचे कंटाळतात. तरी ओढीवर खरा उपाय हाच; पट्टा फक्त तो उपाय करायला वेळ मिळवून देतो.

पट्ट्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हव्यात. फाटक उघडे राहून बाहेर पडलेल्या कुत्र्याला उत्तम पट्ट्याचा उपयोग नाही. चावण्याचा पूर्वेतिहास असलेल्या कुत्र्याला पट्ट्याबरोबर मुसकेही हवे. मंडळाच्या सूचना त्याची सक्ती करीत नसल्या, तरी मालकाने ते स्वतःहून घालण्याला त्यांची आडकाठी नाही. मे २०२४ मध्ये चेन्नईतील उद्यानात दोन रॉटवायलरनी पाच वर्षांच्या मुलीला गंभीर जखमी केले, तेव्हा कुत्री मोकळी होती. तिथे प्रश्न पट्ट्याच्या प्रकाराचा नव्हता, तो नसण्याचा होता.

ब्रिटनने एक्सएल बुली या जातीवर निर्बंध आणताना बंदीच्या पुढचाही विचार केला. ३१ डिसेंबर २०२३ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ही कुत्री सार्वजनिक ठिकाणी पट्टा आणि मुसके यांशिवाय नेता येत नाहीत. सवलतीचा दाखला घेऊन कुत्रा ठेवणाऱ्याला तृतीय पक्षाचा विमा उतरवावा लागतो, आणि कुत्रा धरणारी व्यक्ती किमान सोळा वर्षांची असावी लागते. बंदीविषयी मतभेद असोत, पण पट्टा धरणाऱ्या हाताचा उल्लेख तिथल्या नियमांत आहे. गोव्यातही लसीकरणाच्या दाखल्याबरोबर वजन, धरणाऱ्याचे नाव आणि पट्ट्याची कमाल लांबी नोंदवायला फार मोठी यंत्रणा लागणार नाही. रेबीजसारख्या विषयात या राज्याने घरोघर पोहोचण्याचे काम करून दाखवले आहे आणि २०२१ मध्ये ते 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीरही झाले. दारात लस टोचायला येणाऱ्या पथकाला कुत्र्याच्या गळ्यातली कडी गंजली आहे की नाही, हे पाहायला आणखी अर्धे मिनिट पुरेल.